केळशीहून टाकलेलं कार्ड

लग्नानंतरच्या चार वर्षांत आमच्या घरातून यांना मिलिटरीत जेवढी पत्रं गेली ती सगळी माझ्या अक्षरातली होती, आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. आबांना, म्हणजे सासऱ्यांना, सहीपुरतंच लिहिता यायचं. ते ओसरीवर तंबाखू मळत सांगायचे, मी लिहायची. सुरुवात ठरलेली, 'चिरंजीव'. मग पाऊस नाही, ज्वारी बरी आहे, म्हैस व्याली, गुडघे दुखतात. पाठवणाऱ्याच्या जागी आबांचं नाव. यांचं उत्तर यायचं तेही आबांनाच, आणि ते मीच मोठ्यानं वाचून दाखवायची. शेवटची ओळ नेमाची: 'घरी सर्वांना यथायोग्य नमस्कार.' सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आबा आणि मी, दोघंच. तेव्हा 'सर्वांना' म्हणजे मलाच.

मला याचा फार राग यायचा. पण राग कुणावर काढणार? आबा देवमाणूस, आणि हे राजस्थानात. वडूजच्या बाजारात नवा एसटीडी बूथ निघाला होता, पण वाळवंटात फोन करायचा कुणाला?

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला यांनी एका पत्रात लिहिलं, 'इथे वाळूच्या टेकड्या आहेत. वारा सुटला की टेकडी जागा सोडते.' आबा म्हणाले, "काय बी लिवतंय." मी मात्र ती ओळ भांडी घासताना घोळवत राहिले. नवरा कुठल्या जमिनीवर चालतो तेही मला ठाऊक नव्हतं.

त्याच हिवाळ्यात गावातल्या बायकांनी कोकणात जायला एसटीची गाडी ठरवली. हर्णैचं बंदर, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि केळशी. केळशीला वाळूची मोठी टेकडी आहे असं कुणीतरी म्हणालं आणि मी आबांपुढं उभी राहिले. "जा की," ते म्हणाले, "भाकरी मी थापतो." त्यांच्या भाकरीला कुत्रंही तोंड लावत नसे, पण मी गेले.

पाचगणी-महाबळेश्वर करून घाट उतरलो. हर्णैला मासळीचा लिलाव बघून आमच्या माळकरी बायकांनी नाकाला पदर लावले, आणि तिथून हलायलाही कुणी तयार होईना. आंजर्ल्याला गणपतीला नारळ फोडले. केळशीला समुद्र दिसल्यावर एकीनं त्याची ओटी भरली, बाकीच्या लुगडी खोचून पाण्यात शिरल्या. मी टेकडीकडं निघाले तर मागून हाक आली, "अगं ए, वाळू बगाया एवढ्या लांब आलीस व्हय? आपली येरळा नदी समदी वाळूचीच हाय की!"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि एकटीच चढले.

दोन पावलं पुढं टाकली की एक मागं येई. माथ्यावर सुरूच्या झाडांपलीकडं समुद्र होता आणि वाऱ्यानं वाळू पोटऱ्यांना टोचत होती. हे अशा वाळूत बूट घालून चालत असतील, हा विचार आला आणि मला रडूच आलं. खाली बायका एकमेकींवर पाणी उडवत होत्या. तिथं माझी वाट बघणारं कुणी नव्हतं, तेव्हा मी मनसोक्त रडून घेतलं.

पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली मी घरून एक कार्ड आणलं होतं. मांडीवर घेऊन लिहिलं: 'केळशीला समुद्राकाठी वाळूची टेकडी पाहिली. चढताना पाय रुततो. वर वारा फार. पत्रात लिहिलं होतं तसंच आहे.' ना त्यात तुम्ही, ना मी. उघडं कार्ड, दहा जणांच्या हातांतून जाणार, जास्त लिहायला लाज वाटली. पत्ता पाठच होता. केळशी गावातल्या लाल पेटीत कार्ड टाकलं आणि परतीच्या वाटेवर घाटात सगळ्या ओकत असताना मी एकटी खुशीत होते.

महिन्यानं उत्तर आलं. वर आबांचं नाव. मी ओसरीवर वाचायला बसले.

'तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार. केळशीचं कार्ड मिळालं. गुडघे दुखतात म्हणता आणि या वयात वाळूची टेकडी कशाला चढता? सोबत कुणाला तरी नेत जा.'

तेव्हा लक्षात आलं. पाठवणाऱ्याच्या जागी माझ्या हातानं सवयीनं आबांचंच नाव लिहिलं होतं. आणि यांच्या लेखी माझं अक्षर तर आबांचंच होतं, चार वर्षांपासून.

आबा तंबाखू मळायचे थांबले. "मी कवा गेलतो गं टेकडीवर?"

मी पत्र मिटलं. त्यांनी एकदा पत्राकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग उठले आणि फळीवरचं कोरं आंतर्देशीय पत्र काढून माझ्यापुढं ठेवलं. "आज मी काय सांगत न्हाई. तुझं तू लिव. मी म्हशीला पाणी दावतो."

मी पेन उघडलं. हात आपसूक चालला आणि काय लिहिलं ते बघते तर 'चिरंजीव'. नवऱ्याला! घरात ते एकच पत्र होतं, फाडून चालणार नव्हतं. मी तो शब्द खोडला. त्या जागी काय लिहायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून जागा तशीच सोडली आणि खाली लिहिलं:

'टेकडीवर आबा गेले नव्हते, मी गेले होते. यापुढं "घरी सर्वांना" असं लिहू नका. आबा सोडले तर घरात मी एकटीच आहे.'