पयले शेपटाले

मालकाचं नाव निघालं की बाई आधी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायची. नुकताच टाकलेला असला तरी थुंकायची. "त्याचं नाव आन् खर्रा एका तोंडात ठेवला तं खर्रा बाटते," म्हणायची. तिच्याशी तलावाबद्दल बोलायचं म्हणजे एक पुडी वाया जाणार, हे मी धरूनच चालायचो. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचो. आठवणीत मात्र ती एकेरीच येते.

कुरखेड्याच्या बाजूला तुमचं जाणं झालं असेल, तर प्रत्येक गावामागे एक जुना तलाव तुम्ही पाहिला असेल. आमची संस्था शेतकऱ्यांबरोबर हे तलाव दुरुस्त करायची. गाळ काढायचा, पार, म्हणजे तलावाचा बांध, बांधून घ्यायची, पाणीवाटपाची समिती उभी करायची. मी त्यातला फिरता माणूस.

मालक म्हणजे बाईच्या गावातला मोठा शेतकरी. सगळं गाव त्याला मालकच म्हणायचं. तलावाखाली त्याची रीतसर जमीन होती, शिवाय तलावाच्या पोटातही त्यानं धानाच्या चार बांध्या, म्हणजे खाचरं, काढली होती. तलाव पूर्ण भरला तर त्या बुडणार, म्हणून त्यानं सांडव्याचे वरचे दगड काढून टाकले. तलाव अर्धा भरला की पाणी नाल्यात जायचं. मालकाचं पीक सुखरूप, आणि शेपटाला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाला, ऐन गरजेच्या वेळी पाणी नाही. त्या शेपटावर बाईचं वावर होतं. नवरा गेल्यावर तेवढंच तिच्याकडे उरलं होतं.

एका वर्षी तिचा धान गर्भात असताना पाट आटला. लोंब्या आल्या त्या पांढऱ्या, पोचट. सांडव्याचे दगड परत बसवा, असं सांगायला ती मालकाकडे गेली. मालक चारचौघांत हसला.

"म्हातारे, धान कायले लावतं? जवस पेर न!"

जवसाला पाणी लागत नाही. चारचौघेही हसले. बाई घरी आली आणि ते पीक कापून तिनं बैलांना घातलं.

"धान गेला त्याचं काई नाई, बाबू," ती मला सांगायची. "तो हासला. ते मी फेडीन."

आम्ही त्या गावात काम सुरू केलं, तेव्हा सगळ्यात आधी संमतीची सही तिनं केली. मला वाटलं, बाईला जलसंधारणाची आवड आहे.

सांडव्याची मूळ उंची ठरवायची होती. तलावाच्या दाराच्या, म्हणजे पाटात पाणी सोडायच्या तोंडाच्या, भिंतीवर जुन्या भरणीची चुन्याची रेघ होती. तिथून सांडव्यापर्यंत पातळी न्यायला आमच्याकडे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी होती. दोघांनी दोन टोकं धरायची, दोन्हीकडचं पाणी सारख्या उंचीवर उभं राहतं. एक टोक बाईनं कधीच ताब्यात घेतलं होतं. दुसरं कोण धरणार, असं मी ग्रामसभेत विचारलं.

"त्याच्या हाती द्या," बाई म्हणाली. "नाई तं मांगून म्हणन, म्हातारीनं नळीत फुक मारली."

नाही म्हणावं तर चोर ठरणार. मालक इस्त्रीच्या सदऱ्यात आला आणि गुडघाभर चिखलात उभा राहिला. बाईनं मुद्दाम वेळ काढला. "भाऊ, जरा वर. हं, आता खाली. हालवू नोका न, भाऊ." शेवटी नळीतलं पाणी थांबलं आणि सांडवा दोन हात खाली निघाला. मालकानं एकदा मला पारीवर मोटरसायकल चालवली म्हणून लोकांसमोर झापलं होतं. खरं सांगतो, त्या दिवशी मलाही फार गोड वाटलं.

दगड बसले. मालकानं तरीही हट्टानं तलावाच्या पोटात धानाची रोवणी केली. भादव्यात तलाव काठोकाठ भरला आणि त्याच्या चारही बांध्या बुडाल्या. आठ दिवस पाणी सोडा, अशी चिठ्ठी त्यानं समितीकडे पाठवली. बाईनं खर्रा थुंकला.

"त्याले म्हना, शिंगाडे लाव!"

त्यावर तेच चारचौघे हसले.

आता फिटलं, असं मला वाटलं. मग पाणकर निवडायची सभा आली. पाणकर म्हणजे दार उघडणारा, पाळीनं प्रत्येकाच्या वावरात पाणी देणारा. "पयले शेपटाले" हा नियम बाईनं आधीच मंजूर करून घेतला होता. आता ती उठली.

"मालकाले करा पाणकर. तलाव त्याच्याइतका कोनाले समजते?"

सभेत टाळ्या वाजल्या. सरपंचबाई म्हणाल्या, मन असावं तर असं. मालकाला नाही म्हणायला जागा उरली नाही. मी अहवालात बाईबद्दल 'क्षमाशील' हा शब्द लिहिला आणि मूर्खासारखा तिला वाचून दाखवला.

"काय शील?" ती भडकली. "माफ कराले बसली काय मी त्याले? बाबू, पाणकराले रोज पार फिरा लागते. रोज सकाळी त्याले आपल्या बुडालेल्या बांध्या दिसतीन. आन् मंग पयलं पानी माह्या वावरात सोडा लागन. मी धुऱ्यावर बसून पाहीन."

मी तो शब्द खोडला.

आणि ती बसायची. दर पाळीला छत्री घेऊन बांधावर. मालक पाणी सोडून वळला की म्हणायची, "भाऊ, कोपऱ्यात नाई पोचलं." तो कोपरा मुळात उंच होता. मालक फावडं घेऊन परत फिरायचा. असे किती पावसाळे गेले. त्या तलावाचं पाणी थेंबभर वाया जाईना. दुसऱ्या गावचे लोक पाहायला येऊ लागले, आणि मी त्यांना लोकसहभागावर भाषण देऊ लागलो.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बाई गेली. मालक मातीला आला नाही. मला त्याचा संताप आला. आश्विनात पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्यावर मी मुद्दाम गेलो. बाईच्या वतीनं एक शेवटचा टोला हाणायचा होता.

ते वावर आता तिचा पुतण्या कसत होता, आणि मालक तिथंच होता. तिला पाणकर म्हणून तोच का हवा होता, ते मी त्याला सगळं सांगितलं.

"मालूम होतं मले," तो म्हणाला. "पयल्याच दिशी."

"मग काम सोडलं का नाही?"

"सोडलं असतं तं ते जिकली असती न, साहेब."

मग त्यानं मला कोपऱ्याकडे नेलं. तिथं एक नवा पाट खोदलेला होता, थेट वरच्या वळणावरून त्या उंच कोपऱ्यात येणारा. अख्खा वैशाख त्यानं एकट्यानं खपून तो काढला होता. कोपऱ्यात घोटाभर पाणी उभं होतं आणि धान निसवला होता.

"औंदा तिचं तोंड बंद करनार होतो मी," मालक म्हणाला. त्यानं रिकाम्या धुऱ्याकडे पाहिलं. "अन् म्हातारी दगा देऊन गेली."