सतरा रिंगा

माणसाच्या जिभेला मीटर बसवलेलं असतं आणि ते सतत पळत असतं, असा ठाम समज असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि नेमकी त्याच्याच घरात मुलगी दिली. माझे व्याही. राहणार बिडकीन, उंची बेताची, मिशी भरघोस, बोलणं जवळजवळ नाहीच. त्यांनी आजवर फोनवर घालवलेला सगळा वेळ एकत्र केला तरी तेवढ्यात चहाला उकळी फुटायची नाही. बाकीचं जग मोबाईल बोलायला घेतं. व्याह्यांनी तो न बोलण्यासाठी घेतला आणि गेली वीस वर्षं ते अतिशय निष्ठेनं त्यावर बोलत नाहीत. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे जावई, नाशिकहून दर रविवारी फोन करतात. त्यावर बापाचं उत्तर ठरलेलं. "हां. हां. बरं. ठेव." विहीणबाई गेल्यापासून तर त्यातला एक 'हां' सुद्धा कमी झाला. "आई, बाबांना माझ्याशी बोलायचंच नसतं," असं जावई एकदा मला म्हणाले, हसत हसत, आणि हसता हसता खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हटलं, "अहो, चिकटपणा तो. रक्तात असतो." चिकट माणसाला नावं ठेवण्याची संधी मी सहसा सोडत नाही.

हा चिकटपणा साधासुधा नव्हता, त्याला शिस्त होती. शहराला पाणी चढवणाऱ्या पंपहाउसवर व्याह्यांनी तीस वर्षं ऑपरेटरकी केली. तिथं पंपांच्या घरघरीत माणसाचा शब्द माणसाला पोचत नाही, म्हणून सगळा कारभार घंटीवर आणि हाताच्या खुणांवर. एक घंटी म्हणजे ठीक, दोन म्हणजे बंद करा, तीन म्हणजे पळा. रिटायर झाल्यावर हीच घंटी त्यांनी नातेवाइकांना लावली. माझ्या प्रज्ञाचं लग्न ठरलं त्या आठवड्यात वहीच्या पानावर आखलेला एक तक्ता आमच्या घरी आला. एक रिंग, खुशाल आहे. दोन रिंगा, पोचलो. तीन रिंगा, काम नाजूक आहे, ताबडतोब या. पाच रिंगा, फक्त जयंतीच्या सकाळी, जयभीम. आणि खाली लाल शाईनं, दोनदा अधोरेखित केलेलं: 'फोन उचलू नये.' नवरदेवाचा बाप! त्यानं मुलीच्या आईला पहिली आज्ञा केली ती ही! हुंडा नको, आहेर नको, मानपान नको, असंही त्याच पानाच्या मागल्या बाजूला लिहिलं होतं. पण मी पान उलटून बघितलं ते चार दिवसांनी. राग आलेल्या माणसाला कागदाची एकच बाजू दिसते.

खरं तर मला नाक मुरडायचा काही अधिकार नव्हता. मी होते तारघरातली बाई. तरुणपणी काउंटरमागं ताठ मानेनं बसायची, दोन वेण्या, कानामागं पेन्सिल, आणि समोरच्याच्या सुखदुःखातले शब्द मोजायची. एक माणूस 'आई वारली ताबडतोब निघून ये' असं लिहून घेऊन आला, तर ह्या शहाणीनं त्यातला 'ताबडतोब' खोडला. वर ऐकवलं, "आई वारल्यावर माणूस ताबडतोबच निघतो. शब्द कशाला वाया घालवता?" ह्याला मी लोकसेवा समजत होते. शुभेच्छांच्या तारांना तेव्हा नंबर ठरलेले असत. नंबर टाकला की पलीकडं मजकूर उमटायचा. करमाडच्या एका लग्नाला मी घाईत भलताच नंबर टाकला आणि भर मांडवात नवरदेवाला तार पोचली, 'निवडणुकीतील विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्या माणसानं ते इतकं मनावर घेतलं की पुढं तो खरंच सरपंच झाला. अशी ही मी, आणि मी म्हणायची की व्याह्यांना रीतभात नाही.

तर प्रज्ञाचं पहिलं बाळंतपण माझ्याकडं होतं. नात झाली. व्याह्यांना कळवायचं होतं. तक्त्यावर त्यासाठी काही नव्हतं, म्हणून त्यांनी आधीच निरोप धाडला होता: सगळं नीट झालं तर एक रिंग, मुलगा की मुलगी ते भेटीत बघू. पण माझा मान आडवा आला. नातीची आजी झालेली बाई मिस्ड कॉल देईल? भिकारी आहे का मी? मी ठणकावून पुरता फोन लावला आणि तो वाजत ठेवला. उचलत नाहीत म्हणजे काय! दोन, पाच, आठ, बारा. उचलला नाहीच. माझे पैसे जातील म्हणून ते बिचारे हातात फोन घेऊन फक्त मोजत बसले होते. तासाभरानं दारात येऊन उभे. मिळेल त्या टेम्पोतून आलेले, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात विहीणबाईंची. तोंडाला कोरड. "सतरा रिंगा," एवढंच म्हणाले आणि उंबऱ्यावर खाली बसले. "तीनला लोक मरत्यात, इहीणबाई. सतरा कामून दिल्या?" मी पदर तोंडाला लावून खोखो हसले. पाणी सुद्धा प्रज्ञाच्या मावशीनं दिलं. मी पुढची दहा वर्षं हा किस्सा प्रत्येक समारंभात सांगितला, चप्पलांसकट.

पुढं कॉल स्वस्त झाले, मग जवळजवळ फुकट झाले. मला वाटलं, आता हा माणूस काय करील? त्यांनी कंपन्यांशी भांडण काढलं. कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो हे कळल्यावर त्यांनी अर्ज लिहिला, की आपल्या हिशोबानं वर्षाचे तेरा महिने होत असल्यास माझी पेन्शनही तेरा वेळा मिळावी अशी शिफारस करावी. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते हा नियम निघाल्यापासून त्यांनी जितक्या कंपन्यांना सोडचिठ्ठी दिली तितक्या लोकांशी माझी ओळखही नाही. तक्रार सगळीकडं एकच: 'आवाज क्षीण येतो.' तक्रारीचा नंबर, त्यावरच्या अपिलाचा नंबर, सगळं एका फायलीत. कंपनी सोडतो म्हटलं की तिथली मुलगी फोन करून मनधरणी करायची, जादा दिवस देऊ, जादा डेटा देऊ. व्याही नुसतं म्हणायचे, "काय? किती?" त्या पोरीला वाटायचं, गडी पक्का आहे, आणि ती आणखी वाढवायची. "काय? किती?" आणखी वाढ. आम्ही शेजारी बसून त्यांच्या व्यवहारचातुर्याला कोपरापासून नमस्कार करायचो.

आणि कंपनीचा दोष सिद्ध होईपर्यंत फोनची चिरफाड चालूच. चष्म्याचा स्क्रू पिळायचा बारका पेचकस खिशाला कायम. कोणाकडं जेवायला गेले तरी पानं वाढेपर्यंत ह्यांनी फोन उघडून ताटाशेजारी मांडलेला. स्पीकरची जाळी दात घासायच्या ब्रशनं घासायची, त्यावर फुंकर, मग उन्हात वाळवण. कपडे वाळत घालायच्या तारेचा एक तुकडा रेंजसाठी मागं गुंडाळलेला. एकदा मी बिडकीनला गेले तर फोन पितळी तांब्यात उभा ठेवलेला आणि व्याही तांब्याला कान लावून बसलेले. मी विचारलं, "तांब्या काय म्हणतो?" ते म्हणाले, "पोरगा हाय." मी हसून लोळले. घरी येऊन चौघींना फोन करून सांगितलं, चार पूर्ण फोन.

गेल्या थंडीत ते एका रविवारी माझ्याकडं आले. पाय सुजलेले. म्हणाले, "गुलमंडीतल्या दुकानात एवढा दावून आना. स्पीकर गेला परत." त्यांना चहा देऊन मी निघाले. दुकानदार चाळिशीचा, चष्मा कपाळावर. फोन हातात घेताच ओळखला. "ये बिडकीनवाले चचा का है ना, खाला?" तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर जावयांचं नाव. रविवारचा फोन. एवढ्या वर्षांत व्याह्यांचा फोन मी पहिल्यांदा उचलला, आणि समोरच्या बांगड्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, इतका खणखणीत आवाज. "बाबा! जेवलात का? बाबा, ऐकताय ना? बाबा, काहीतरी बोला ना हो." मला 'मी आहे' म्हणवेना. मी कट केला. जन्मात पहिल्यांदा मीच मिस्ड कॉलवाली झाले.

दुकानदार हळूच म्हणाला, "फोन में कुछ नै है, खाला. तीन दफे स्पीकर बदला मैं. चौथी दफा पुराना इच पोंछ के लगा दिया. चचा मूंछ पे हाथ फेर के बोले, अब जरा साफ है."

घरी आले तर व्याही पाठमोरे बसून बशीतला चहा पीत होते. खोड जात नाही माझी. मागून मोठ्यांदा म्हटलं, "व्याहीबुवा, तुमच्या मिशीला आग लागली!" त्यांनी शांतपणे पुढचा घोट घेतला. त्यावर हसू यायला हवं होतं. मी समोर जाऊन बसले आणि बोट माझ्या कानावर ठेवलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग बशी खाली ठेवली.

"पंपावरल्या समद्यांचेच गेले," ते म्हणाले. "माझे जरा उशिरा गेले."

"मग सांगत का नाही मुलाला?" मी ओरडले. ओठ वाचून त्यांनी बरोबर उत्तर दिलं.

"सांगितलं की म्हनन, एकटं ऱ्हायचं नाय, चला नाशिकला. तिथं मला कोन वळखतं? बिडकीनला समदे हातानं बोलत्यात माझ्याशी. कुनाला सांगू नका, इहीणबाई." आणि तीन बोटं वर केली. तीन रिंगा. काम नाजूक आहे.

मी मान हलवली. ते गेल्यावर दोन दिवस ती मान मला टोचत राहिली. एकीकडं बापाला घर सुटायची भीती. दुसरीकडं पन्नाशीला आलेला मुलगा दर रविवारी 'बाबा, बोला ना' म्हणतो आणि बाप आपल्याला कंटाळला असं धरून बसतो. आणि मधे मी, जिनं त्याला सांगितलं होतं की चिकटपणा रक्तात असतो. तिसऱ्या दिवशी जावयांना मेसेज लिहिला. 'बाबा रागावलेले नाहीत. ऐकू येत नाही. फोन करू नका. या.' पाठवल्यावर मोजले तर बरोबर दहा शब्द. ह्या वेळी मात्र 'ताबडतोब' घालायला हवा होता असं वाटलं. पण माणूस त्याच रात्रीच्या गाडीनं निघाला.

बिडकीनच्या ओट्यावर बापलेक दुपारभर समोरासमोर बसले होते, असं प्रज्ञा सांगते. लहानपणी जावई पंपहाउसवर डबा घेऊन जायचे, त्या सगळ्या खुणा त्यांना अजून येत होत्या. बोटं नाचत होती, मधेच दोघं हसत होते, आणि प्रज्ञाला एक अक्षर कळलं नाही. नाशिकचा विषय निघाला आणि मिटला. कानाचं मशीन मात्र आलं. व्याह्यांनी ते तिसऱ्याच दिवशी पेचकसानं उघडलं. तरी चालतं, हे त्या मशीनचं मोठेपण.

माझ्यावर मात्र ते रागावले. विहीणबाई गेल्यापासून रोज सकाळी सातला त्यांची एक रिंग यायची. खुशाल आहे. मी तिची कायम टिंगल केली, "हं, उठला आमचा भोंगा." ती बंद झाली. आठ दिवस सातला उठून मी फोनकडं बघत बसले आणि चहा गार करून प्याले. मी दिली तर उलट रिंग नाही.

नवव्या दिवशी वाजला. एक. हुश्श म्हणून मी हात मागं घेतला, पण तो थांबेना. दोन. तीन. चार, पाच, आज जयंती नाही. सहा, सात. तक्त्यात सातला काहीच नाही. एका पायात दुसऱ्याची चप्पल घालून माणूस कसा धावत येतो ते मला त्या घडीला कळलं. नवव्या रिंगेला मी लाल शाईची आज्ञा मोडून फोन उचलला.

"इहीणबाई," पलीकडून आवाज आला, जरा घोगरा. "मशीन बसवलंय कानात. बोला काय बी. ऐकू येतंय का बघतो."

आणि मला, तारघरातल्या बाईला, चार चार पूर्ण फोन करणारीला, काही सुचेना. मी नुसती फोन धरून उभी.

"काय? किती?" ते म्हणाले. मग त्यांच्या आवाजात मला चांगलंच ओळखीचं समाधान उतरलं. "मशीन ठीक हाय. तुमच्याच फोनात दोष हाय. घेऊन या, उघडून बघतो." आणि ठेवला.

माझा फोन ठणठणीत आहे. तरी उद्या सकाळच्या बसनं बिडकीनला नेऊन देणार आहे.