दामूकाकांचे कान

जुनी गाडी बघायला नेलं की दामूकाका आधी तिच्या मागे जाऊन उकिडवे बसत. मालक बॉनेट उघडून पुढे ताटकळत राही, आणि काका मागच्या चाकांमध्ये डोकं घालून लहानशा हातोडीने सांगाडा वाजवत, कान देऊन ऐकत. "ओढनाऱ्याची छाती काय बघता? कंबर बघा," असं म्हणत. तीस वर्षं त्यांनी मिठागरांवरचे ट्रक चालवले होते. मीठ लोखंडाला आतून कसं खातं ते त्यांना आवाजावरून कळे.

निकाल मात्र ते मालकासमोर कधी देत नसत. ज्याने बोलावलं त्याला बाजूला घेऊन कानात सांगत आणि घरी निघून जात. "लोकांदेखत गारीला नाव ठेवलं तर इकनाऱ्याच्या पोटावर पाय येतो." गाडीला ते गारीच म्हणत. या रीतीवर सगळ्या गावाचा विश्वास होता. मी तिचा फायदा घेतला.

नव्वदच्या दशकात मी नेरूळजवळच्या एका खाडीकाठच्या गावात मच्छीमार सोसायटीचा कारकून होतो. डागडुजीसाठी होडी वर काढायला पूर्वी तीस-चाळीस हात दोराला लागत. नव्या शहरात नोकऱ्या मिळाल्या, तसे ते हात सकाळी डबा घेऊन कामावर जाऊ लागले. तेव्हा एक जुनी पिकअप घ्यायची आणि चाकांच्या गाड्यावर ठेवलेली होडी तिने ओढून वर आणायची, असं ठरलं. गाडी शोधण्याचं काम माझ्याकडे आलं.

माझ्या मेहुण्याला त्याची पिकअप विकायची होती. बदली झालेली, गिऱ्हाईक मिळेना. "तुमच्याच हातात आहे, एवढंही होत नाही तुमच्याकडून?" असं बायको रोज ऐकवत होती. गाडी दिसायला झकास होती, खालून ताजा काळा रंग. काकांनी हातोडी मारली. पुढे ठण्ण वाजलं. मागे, हूक बसवायच्या जागी, भिजल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला.

"हिची कंबर मिठानं खाल्ली, सायब," ते माझ्या कानात म्हणाले. "मानसं न्हेल, सामान न्हेल. होरी ओढनार नाय. घेव नका."

दुसऱ्या दिवशी ते महिनाभरासाठी करंजाड्याला लेकीकडे गेले. सभेत मी सांगितलं, "काकांनी पास केली." पुढे कोणी काही विचारलंच नाही.

पंधरा दिवसांत जनाबाईची होडी चढावर अर्ध्यात असताना हूक सांगाड्याच्या तुकड्यासकट निखळला. होडी मागे घसरली आणि दगडांवर आपटून तिचा तळ फुटला. माणसं वाचली, पण विधवा जनाबाईचं घर त्या एका होडीवर चालत होतं. तो हंगाम तिने दुसऱ्यांची जाळी विणून काढला.

काका परतले, तेव्हा जनाबाईने त्यांना सोसायटीच्या दारातच अडवलं. "काय रं दामूदादा, कान गेलं का तुजं? पास केलीस ती गारी! माजी होरी फुटली!"

काका गोंधळले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत होतो.

"हां गो जना," ते म्हणाले. "आता कमी ऐकू येतं."

त्यानंतर त्यांना कोणी गाडी बघायला नेलं नाही. वर्षभराने धीर करून मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. म्हटलं, "काका, तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"कानात सांगितलेलं माजं ऱ्हात नाय, सायब. ज्याच्या कानात गेलं त्याचं."

एवढ्यात दूर खाडीत एक इंजिन वाजू लागलं. मला ते जेमतेम ऐकू येत होतं. काकांनी मान किंचित कलती केली. "जनाची होरी," ते म्हणाले. "झाली वाटतं दुरुस्त."

तरीही मी कोणाला काही सांगितलं नाही. पुढे काका गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत शेजारी चालणारा कोणीतरी म्हणाला, "कान गेले होते बिचाऱ्याचे." मी मान डोलावली.

आता माझेच कान गेले आहेत. म्हणून माझ्या कानात राहिलेले त्यांचे शब्द आज जसेच्या तसे बाहेर काढून ठेवतो. ते म्हणाले होते, "घेव नका." दामूकाकांना शेवटपर्यंत उत्तम ऐकू येत होतं.