शेजारचा बोलला असंल

बिरूआण्णांच्या नावानं ग्रुपवर सकाळी दोनच शब्द आले, 'आण्णा गेले', आणि आम्हा सगळ्यांना वाटलं की आण्णा रागावून ग्रुप सोडून चाललेत. आदल्या दिवशी वाद जरा चिघळलाच होता. साताऱ्याचे गणिताचे क्लास घेणारे एक सर त्यांना म्हणाले होते, की भावनेवर विमानं उडत नसतात. म्हणून सरांनीच पहिल्यांदा लिहिलं, पुरावा मागितला म्हणजे अपमान केला असं नव्हे, आण्णा, रुसू नका. मग कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मीही उंब्रजच्या माझ्या पंक्चरच्या दुकानात बसून लिहिलं, 'आण्णा, परत या.' अर्धा तास आम्ही मेलेल्या माणसाची समजूत काढत होतो... मग त्यांच्या मुलानं त्याच फोनवरून पुन्हा लिहिलं, की वडील पहाटे झोपेतच गेले, दुपारी कडेगावला माती आहे.

हा ग्रुप विमानवेड्यांचा. त्यात सांगलीचे एक निवृत्त कॅप्टन, त्यांच्या ओळखीचे चारदोन वैमानिक, हे सर, आणि बाकी आमच्यासारखी रिकामी मंडळी. आण्णा तिथं कसे पोचले, हे सांगायला हवं. त्यांनी जन्मभर मालट्रक चालवली. जन्म मात्र माणदेशी, मेंढरांमागचा. त्या उजाड माळावर मेंढरं चरायला सोडून ते पाठीवर पडायचे आणि वरून जाणाऱ्या विमानाची पांढरी रेघ विरून जाईपर्यंत बघत राहायचे. ती रेघ विरली की त्यांना उगाच वाटायचं, आपल्याला कुणीतरी हाक मारली होती आणि आपण ओ दिली नाही. हे त्यांनी मला ट्रक चालवता चालवता सांगितलं होतं, अगदी साध्या आवाजात, जेवलास का विचारावं तसं.

ट्रक सुटल्यावर त्यांना नाद लागला कराडच्या छोट्या विमानतळाचा. शिकाऊ विमानं तिथं गोल गोल फिरत असायची. कुंपणाबाहेर एका बांधावर आण्णा आणि मी महिन्यातून दोनदा तरी जाऊन बसायचो. उन्हानं धावपट्टी दुरून ओली दिसायची, घारी विमानाच्याही वर तरंगायच्या, आणि उसाच्या शेतांवरून ते इवलंसं विमान डुलत डुलत खाली यायचं. वेळ कसा जायचा कळायचं नाही. कधी कधी तर मला वाटायचं, आम्ही दोघं कुठंतरी निघालोय आणि बांधच हळूहळू पुढं सरकतोय. त्याच बांधावर एकदा सांगलीचे कॅप्टन भेटले. आण्णा त्यांना म्हणाले, "आवं साहेब, इमान खाली येत न्हाई. जिमीन वर येती." कॅप्टन हसले नाहीत. उतरताना आत बसलेल्याला नेमकं असंच दिसतं, म्हणाले, आणि तिथल्या तिथं त्यांनी आण्णांना ग्रुपात घेतलं. शेपूट म्हणून मीही गेलो.

गेल्या पावसाळ्यात दूरच्या एका देशात एक प्रवासी विमान उतरताना कोसळलं. पाऊस होता, धावपट्टी ओली होती. विमान निम्मी पट्टी संपल्यावर टेकलं, थांबलं नाही आणि पुढच्या ओढ्यात गेलं. माणसं गेली. आमच्या ग्रुपवर मात्र जणू सगळेच आत बसून आले होते. सरांनी वेगाचे आलेख काढले आणि मागून आलेल्या वाऱ्यावर खापर फोडलं. कुणी साठलेल्या पाण्याला धरलं, कुणी ब्रेकला. वैमानिक मंडळींचं म्हणणं सरळ होतं. इतक्या लांब टेकतंय दिसल्यावर विमान पुन्हा वर उचलायचं, फेरी मारून यायचं, त्यात कमीपणा नसतो. मुख्य वैमानिकाच्या ध्यानात आलं नसेल, तर शेजारी बसलेल्या दुसऱ्यानं ओरडून सांगायचं. त्याचं कामच ते. तो गप्प बसला, म्हणून माणसं मेली, असा निकाल सगळ्यांनी दोन दिवसांत देऊन टाकला.

सगळ्यांनी, आण्णा सोडून. आण्णांना लिहायचा कंटाळा, ते आवाज भरून पाठवायचे. मागं कोंबड्या ओरडतायत, त्यांची बायको, आमच्या वैनी, भांडी घासतायत, आणि मधे आण्णांचा घोगरा, सावकाश आवाज, "शेजारचा बोलला असंल." एवढंच. कॅप्टननी समजावलं, की आतल्या बोलण्याचं रेकॉर्ड चौकशीवाल्यांकडं असतं, ते बाहेर आलेलं नाही, मग तुम्ही कशावरून म्हणता? आण्णा म्हणाले, "तुमी तरी कशावरनं म्हंता, गप बसला म्हून?" पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिनाभर तेच. लोक थट्टा करायला लागले. आण्णांचा आवाज आला की कुणीतरी आधीच लिहायचं, शेजारचा बोलला असेल!

मी या वादात एक अक्षर लिहिलं नाही. कारण आण्णांच्या शेजारी सहा वर्षं मी बसलो होतो.

मी त्यांचा किन्नर, म्हणजे ट्रकवरचा क्लीनर. ट्रकची डावी बाजू ड्रायव्हरला नीट दिसत नाही, ती किन्नरानं बघायची. हात खिडकीबाहेर, दाराच्या पत्र्यावर. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे जाऊ दे. तीस वर्षांपूर्वी आम्ही महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी भरून पसरणीच्या घाटानं वाईकडं उतरत होतो. सकाळची वेळ, धुकं इतकं की समोरचा रस्ता तुकड्यातुकड्यानं तयार होत होता. एका वळणावर मला डावीकडं कठड्यालगत एक दूधवाला दिसला, सायकल हातात धरून चढणारा. मी थाप मारली. एक, जोरात. गाडी थांबली नाही. आण्णांनी ब्रेक दाबला तो नंतर, आणि तोवर मडगार्ड त्याला लागलं होतं. तो वाचला, पण त्याचा एक पाय गेला. रस्त्यावर दूध आणि स्ट्रॉबेरी एकत्र वाहत होत्या, आणि आण्णा स्टिअरिंगला धरून बसले होते, त्यांना खाली उतरता येईना.

चौकीत मला विचारलं, तू काय करत होतास? आण्णांना तीन पोरी, एक मुलगा, आणि ट्रकशिवाय दुसरं काही येत नव्हतं. मी म्हणालो, मला डुलकी लागली होती, मी थाप मारलीच नाही. कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायला. माझं मीच ठरवलं, आणि खरं तर ठरवायच्या आधीच बोलून गेलो. धुकं आणि झोपलेला किन्नर यावर सगळं निभावलं, आण्णांचं लायसन वाचलं. माझं नाव मात्र तेव्हापासून डुलक्या पडलं. उंब्रजपासून कडेगावपर्यंत लोक मला डुलक्या म्हणतात. बायकोसुद्धा रागावली की म्हणते. नावाचं मला फारसं काही वाटत नसे. पण एक गोष्ट मला तीस वर्षं कुरतडत होती. आण्णांनी ती थाप ऐकली होती की नव्हती? नसेल ऐकली, तर त्यांच्या लेखीही मी झोपलोच होतो. ते मला कधी डुलक्या म्हणाले नाहीत, पण कधी विचारलंही नाही. मीही विचारलं नाही. बांधावर इतके दिवस शेजारी शेजारी बसून काढले, आणि मधे ही एवढीशी गोष्ट तशीच पडून राहिली.

शेवटचे भेटलो तेही बांधावरच. ढग खाली आले होते, एक शिकाऊ विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं. आण्णा म्हणाले, "शाणा हाय गड्या." मग बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता, त्या दूरच्या विमानाबद्दल बोलायला लागले. "त्या मोठ्या पायलटानं ऐकलं असंल रं. ऐकलं नसंल असं न्हाई. पर आता आलोच की, टेकवू आन मग बघू, असं वाटतं मानसाला." माझ्या ओठांवर प्रश्न आला होता. पण ऊन परत आलं, धावपट्टी चमकायला लागली, आणि आण्णा चहा घेऊ म्हणून उठले. मीही उठलो. त्याची आजही चीड येते, स्वतःची.

दिवसकार्याला कडेगावला गेलो. कॅप्टन सांगलीहून आले होते, सरही आले होते, ओशाळल्यासारखे कोपऱ्यात बसले होते. पंगत बसली, मी आमटीची बादली उचलली. आण्णांच्या भावकीतला एकजण नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं म्हणाला, "ए डुलक्या, हिकडं आन की आमटी. का तितंबी झोपलास?" लोक हसले. मीही हसलो, सवय होती.

वैनी दारात उभ्या होत्या. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "त्याला डुलक्या म्हनू नगा. जागा हुता त्यो. थाप ह्यांनी ऐकली हुती. वळान संपवून थांबू म्हनलं, तवर झालं." मग माझ्याकडं बघून, "मला लगीच सांगितलं हुतं. तुला सांगाय जातो म्हनायचं, आन तुला घिऊन इमानं बघत बसायचं."

मला आधी राग आला, तीस वर्षांचा सगळा एकदम, आणि त्या मेलेल्या माणसाशी कडकडून भांडावंसं वाटलं. मग डोळ्यांपुढं पत्रावळी दिसेनात. कॅप्टननी माझ्या हातातली बादली घेतली आणि पुढच्या माणसाला आमटी वाढली.