कुंडीतल्या मुळांचा जबाब

वाचकहो, खुर्चीत नीट बसून घ्या. आज मी जे प्रकरण जाहीर करतो आहे, त्यात एका म्हाताऱ्याचं घर, एक जुनी मैत्री आणि माझा संसार, तिन्ही एकाच आठवड्यात टांगणीला लागली होती. नेदरलँड्सच्या कुठल्याही दप्तरात त्याची नोंद नाही. ती उणीव मी आज भरून काढतो.

महाराष्ट्र पोलिसांतून मी पन्नाशीत स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बायकोच्या नोकरीमुळे इथल्या वाखनिंगन गावी आलो. व्हिसा तिच्या नावावर, मी तिच्यावर अवलंबून. ज्याच्या बुटांचा आवाज ऐकून ठाण्यातले हवालदार टोप्या सावरायचे, तो माणूस आता कपडे वाळत घालायचा आणि खिडकीतल्या मोगऱ्याला पाणी घालायचा. मोगरा बायकोचा, पाणी माझं. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

नावं सांगायची नाहीत ही आमची शिस्त. म्हणून डावीकडच्या शेजाऱ्यांना डावे म्हणू आणि उजवीकडच्यांना उजवे. राजकारणाशी संबंध नाही. दोघे जुने मित्र, दोघेही निवृत्त, दोघेही एकटे, दोघांचे गुडघे दुखरे. आमची तिन्ही घरं एका गृहसंस्थेच्या भाड्याची. दोघांनीही माळ्यावर दिवे लावून गांजाची चार-पाच झाडं वाढवली होती. आयुष्यभर ज्या वनस्पतीचे पंचनामे केले, ती दोन्ही बाजूंना फुलतेय आणि मध्ये मी मोगऱ्याला पाणी घालतोय, हे पचवायला मला बराच काळ लागला. इथे चार-पाच झाडांसाठी पोलीस सहसा दार ठोठावत नाहीत. पण घरात दिव्याखाली लागवड सापडली, तर गृहसंस्था भाडेकरूला बाहेर काढू शकते.

आता खरं सांगतो, डावे मला आवडत नव्हते. बायको सायकलवरून परतली की घराआधी त्यांच्या फाटकाशी थांबायची. माती, खत, कळ्या, सगळं त्यांच्याशी. मग घरात येऊन मला विचारायची, "कुकर लावलात का?"

एका सकाळी डावे कॉफीला आले. वेळ न ठरवता आले, तेव्हाच मी ओळखलं की मामला गंभीर आहे. इंग्रजीत आवाज खाली आणून त्यांनी विचारलं की गृहसंस्थेला निनावी खबर कशी देतात. खबर उजव्यांची द्यायची होती. उजव्यांनीच एका आईझाडाच्या फांद्या तोडून, लावायला म्हणून दोघांत वाटल्या होत्या. उजव्यांची झाडं कणसासारखी भरली होती आणि डाव्यांच्या झाडांना हरभऱ्याएवढे झुबके आले होते. म्हणजे उजव्यांनी मुद्दाम रोगट फांद्या दिल्या, असा फिर्यादीचा दावा.

मी म्हटलं, "त्यांचं घर जाईल."

"जाऊ दे."

"आणि तुमच्या माळ्यावर काय आहे?"

"माझ्याकडे फुललंय कुठे?" डावे म्हणाले.

नोकरीत मला मिळालेल्या बहुतेक खबरा अशाच असायच्या. कायद्याच्या प्रेमापोटी फारच थोडे लोक ठाण्याची पायरी चढतात. बाकीच्यांना शेजारच्याचं फुललेलं बघवत नाही. मी डाव्यांना सांगितलं की घटनास्थळ पाहिल्याशिवाय खबर घेत नाही. खरं तर मला त्यांचा पडेल माल डोळे भरून बघायचा होता.

आधी उजव्यांकडे गेलो. त्यांनी आनंदाने माळा दाखवला. ऐसपैस बादल्या आणि त्यांत डोलणारी झाडं. डाव्यांनी हल्ली बोलणं का टाकलं, हे त्यांना समजत नव्हतं. मोठ्या बादल्या देऊ केल्या तरी त्याने दार लावून घेतलं म्हणाले. तीस वर्षं तपास केलेल्या माणसाला आरोपी कोण नाही, हे तेवढ्यावरून कळतं.

मग डाव्यांकडे. दिवे तेच, खत तेच. मी पाणी घालायला सांगितलं. पाणी मातीत न थांबता सरळ खालच्या ताटलीत उतरलं. खालची पानं पिवळी, आणि कुंडीच्या भोकातून पांढरी मुळं बाहेर डोकावत होती, कोठडीच्या गजांतून बोटं काढावीत तशी. कुंड्या जेमतेम पाण्याच्या तांब्याएवढ्या.

"एवढ्या लहान कुंड्या कुणी सांगितल्या?"

डावे गप्प. मीही गप्प. चौकशीत गप्प बसणं हेच खरं काम असतं. अखेर त्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे माझं घर होतं.

"तुमच्या बायकोने," ते म्हणाले.

त्या क्षणी माझ्या मनात काय काय आलं, ते इथे नोंदवत नाही. बायकोला बोलावून घेतलं, उजव्यांनाही. तिने झाडं बघितली आणि कपाळाला हात लावला. तिच्या आईची रीत होती, मोगऱ्याची कुंडी लवकर बदलायची नाही, मुळं जरा आवळली की तो कळ्या धरतो. हे तिने कुंपणावरून डाव्यांना सांगितलं होतं. डाव्यांनी आमच्या खिडकीतला मोगरा पाहिला, उजव्यांच्या पुढे जायचं ठरवलं आणि बोलून न दाखवता झाडं लहान कुंड्यांत कोंबली.

"अहो, मी मोगऱ्याचं सांगत होते," ती मला म्हणाली, जणू फिर्याद मीच केली होती.

उजव्यांनी एक झाड अलगद उपडं केलं. माती दिसतच नव्हती. मुळं स्वतःभोवतीच फिरून फिरून कुंडीच्या आकाराची झाली होती. झाडाची सगळी ताकद त्या फेऱ्यांत गेली, फुलापर्यंत पोचायला काही उरलंच नाही. डाव्यांनी तो गोळा हातात घेतला. मग खाली बघत उजव्यांना म्हणाले, "मला वाटलं, तू मला वाईट फांद्या दिल्यास." खबर द्यायचं ठरवलं होतं, हे ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. काही जबाब न नोंदवणंच बरं.

उजवे म्हणाले, आता ऐन फुलोऱ्यात हलवू नकोस, येईल तेवढं घे, माझ्याकडचं अर्धं तुझं. पुढच्या खेपेला बादल्या घेऊन जा. डाव्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? मत्सर करणाऱ्या माणसाची नजर दुसऱ्याच्या फुलांवर असते, स्वतःची कुंडी तो कधी उलटी करून बघत नाही. हा विचार मला तिथेच, त्या माळ्यावर सुचला. अनेकांचे कबुलीजबाब घेतलेला माणूस म्हणून मी तो गंभीर चेहऱ्याने, इंग्रजीत, सगळ्यांना ऐकवलाही. दोन्ही म्हातारे भारावले.

तेवढ्यात बायको घरी जाऊन आली. डाव्यांना बरं वाटावं म्हणून मोगऱ्याचं त्या मोसमातलं पहिलं फूल तिने त्यांच्या तळहातावर ठेवलं. आणि माझ्या तोंडून, सगळ्यांदेखत, मोठ्याने निघून गेलं:

"अगं, रोज पाणी मी घालतो, आणि फूल ह्यांना?"