वानखडे सरांचे तळलेले किडे

शेजारी प्रोफेसर राहायला आला की किस्से जमवावे लागत नाहीत, भिंतीवरून आपोआप येतात! त्यात आमच्या अमरावतीच्या गल्लीतला सार्वजनिक नळ. एकदा तिथे कानावर आलं, "ते वानखडे सर आहेत ना, ते घरी किडे तळून..." तेवढ्यात सांगणाऱ्या बाईची बादली भरली, बाई गेली.

उरलेलं वाक्य आठ दिवसांत अकोल्याला पोचलं. आणि तिथेच, जुन्या शहरात, सरांचं लग्न ठरलेलं!

*

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. एकदा त्यांनी मला एक दगड दाखवला. त्यात किड्याचा खोलगट ठसा.

"काकू, हा विंचू-खेकड्यांच्या घराण्यातला. फार जुना, समुद्रातला. दगड हिमालयातला."

"समुद्रातला किडा हिमालयात काहून गेला?"

"तो नाही गेला. समुद्राचा तळच वर आला."

एम.एस्सी. झालेला माणूस, म्हणून मी मान डोलावली!

*

पुढे कळलं, ठसा मेलेल्या किड्याचा नाहीच. "ही टाकलेली कात, काकू. अंग वाढलं की जुनं कवच सोडून तो निघून जायचा."

"म्हणजे तो कपडे बदलून गेला, अन् तुमी त्याचे कपडे सांभाळून राहिले! तुमचा सदरा चार दिवस दोरीवर लोंबून राहिला, तो कोण काढन?"

*

दगड मागून आणलेला, परत द्यायचा होता. वर्गासाठी नकला हव्या होत्या. प्लास्टर ठिसूळ निघालं. मी सवयीनं मीठ-ओवा घालून मैदा घट्ट मळला, दगडाला तेलाचं बोट लावलं (सरांनी डोळेच मिटले!) आणि ठशात दाबला. कवचाची कडी न् कडी उमटली! असे बारा केले, टिकावेत म्हणून सगळे तळून दिले.

सकाळी वर्गात बारा किडे गेले. परत आले चार!

*

मग अकोल्याहून मुलीचे वडील आले. बसले नाहीत, उभ्यानंच विचारलं, "खरं सांगा. घरी किडे तळता?"

सर खोटं बोलतील तर शपथ! "हो."

"अन् खाता?"

"मी नाही. विद्यार्थी खातात."

मी कपाळावर हात मारला. झालं, मोडलं लग्न! धावत जाऊन उरलेल्या चारांची ताटली पुढे केली.

त्यांनी चष्मा पुसला. एक उचलला, उलटा केला, सुलटा केला, कड्या मोजल्या. मग डोक्याकडून कडकन तोडला. बराच वेळ चावत राहिले.

"जावईबापू," शेवटी ते म्हणाले, "ओवा कमी पडला. आमची पोरगी बरोबर टाकते."