मावशीच्या टॉर्चची कांडी

माझी मावशी अंडी बघते. तुमची मावशी काय करते असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरचा हसतो. हसू दे. उबवणी केंद्राच्या अंधाऱ्या खोलीत ती एकोणीस वर्षं हेच करते आहे. ट्रेमधल्या प्रत्येक अंड्याच्या जाड टोकाला टॉर्च टेकवायचा, आतल्या शिरा बघायच्या, जिवंत ते ठेवायचं, कोरं किंवा मेलेलं ते काढायचं. मेलेलं एखादं नजरेतून सुटलं तर मशीनच्या उबेत ते सडतं आणि मग फुटतं. फुटलं की अख्खा ट्रे नासतो. तो वास मी एकदाच घेतला आहे, आणि त्यानंतर दोन दिवस मला अन्न गेलं नव्हतं. मावशीच्या ट्रेमधलं एकही अंडं एकोणीस वर्षांत फुटलं नव्हतं. पाहुण्यांना चहा देता देताही ती हे ऐकवायची.

या वर्षी केंद्राने नवे टॉर्च आणले. जुन्या टॉर्चच्या कांड्या आता मिळत नाहीत, असं स्टोअरकीपरने लिहून दिलं होतं म्हणून. कांडी म्हणजे तीन बुटके सेल एकमेकांना जोडून वर प्लास्टिक चढवलेलं, चार्ज होणारं नळकांडं. नव्या टॉर्चचा उजेड पांढरा आणि भगभगीत. मावशी म्हणते, त्यात कोवळी शीर धुऊन निघते. जुन्याच्या पिवळ्या उजेडात तीच शीर लाल दोऱ्यासारखी दिसते. केंद्रातल्या तरुण मुलींचे डोळे नव्या उजेडाला सरावले. मावशीचे आणि तिच्या जोडीदारणीचे काही केल्या सरावेनात. पंधरा वर्षं दोघी शेजारशेजारच्या टेबलावर. जोडीदारणीच्या हातून तीन अंडी सुटली आणि तिची रवानगी धुलाईत झाली, म्हणजे खाली, नासलेले ट्रे घासायच्या खोलीत. महिन्याभराने मावशीचीही दोन फुटली, एकाच आठवड्यात. मॅनेजर म्हणाला, शनिवारी मी स्वतः उभा राहून तुमचं काम तपासणार, चुकलात तर सोमवारपासून तुम्हीही खाली.

ही बातमी मावशीने मला भाजी निवडता निवडता सांगितली, जणू शेजारणीबद्दल बोलते आहे. मग आतून आपला जुना टॉर्च आणला. बाकीचे भंगारात गेले, हिने स्वतःचा पिशवीत घालून घरी आणला होता. रात्रभर चार्ज केला तरी चार मिनिटांत मान टाकत होता.

"तू शहाणी आहेस," ती म्हणाली. "एवढी कांडी शोधून दे. दुसरं काही मागत नाही."

मी एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायला बसते. लोकांचं खोटं ऐकायची मला रोजची सवय, म्हणून वाटलं होतं की दुकानदार मला काय बनवणार. पहिल्या दुकानातल्या इसमाने टॉर्च हातात न घेताच, भंगारात द्या, म्हणून सांगितलं, आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं. दुसऱ्याने तीन सेल काढले, पण प्रत्येकाच्या डोक्यावर बटणासारखं टोक. जुन्या कांडीतले सपाट होते. तीन टोकांची उंची मिळून एवढी झाली की टॉर्चचं बूड बंदच होईना. त्यावर तो म्हणतो, स्प्रिंग काढून टाका ना ताई. स्प्रिंग काढली की सेल आत खुळखुळणार, हे त्यालाही कळत होतं. फक्त माझी पाठ वळेपर्यंत दिवा लागला की त्याचं काम झालं.

तिसऱ्याकडे सगळं होतं. अगदी मापाचे, सपाट डोक्याचे, वर सोनेरी अक्षरांत भलामोठा आकडा. किती वेळ चालतील, विचारलं तर म्हणाला, तुम्ही कंटाळाल, सेल कंटाळणार नाहीत. मी भाळले. रात्रभर चार्ज करून सकाळी लावले तर टॉर्च बारा मिनिटं चालला. दवाखान्यात तान्ह्या बाळांचा वजनकाटा असतो. सकाळी पेशंट यायच्या आत मी त्यावर आधी मेलेली जुनी कांडी ठेवली, मग हे तिन्ही सेल. नव्यांचं वजन जुनीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंसुद्धा भरेना. तिडीकच गेली डोक्यात. ड्रेसिंगच्या कात्रीने एकाचं वरचं कवच कापलं. आत भिंतीवरच्या घड्याळाला घालतो तेवढा किडकिडीत सेल, आणि भोवती पुठ्ठा गुंडाळलेला. बाकी सगळा आकार पुठ्ठ्याचा.

मी दुपारी तो कापलेला सेल घेऊन दुकानात गेले. त्याला लाज वाटावी अशी माझी भाबडी अपेक्षा. त्याने सेल बघितला, पुठ्ठा बोटाने चाचपला आणि शांतपणे म्हणाला, "आतून सगळे असेच असतात. तुम्ही कापलात म्हणून दिसलं." हे ऐकून मला राग आलाच नाही, शिसारी आली. चोरी पकडली गेली तर माणूस निदान नजर चुकवतो. याने मला पुढचं गिऱ्हाईक येतंय म्हणून बाजूला व्हायला सांगितलं.

शुक्रवार उजाडला तरी मी रिकाम्या हातानेच. दवाखान्यात पाठदुखीसाठी येणारे एक काका आहेत, भोक पाडायच्या ड्रिल मशीन दुरुस्त करतात. कापलेला सेल अजून माझ्या टेबलावरच होता. तो बघून ते हसले, आणि जुनी कांडी दाखवल्यावर हसायचे थांबले. म्हणाले, जुन्या बिनवायरच्या ड्रिलमध्ये हेच बुटके सेल असतात, सपाट डोक्याचे. माझ्याकडे चांगले आहेत, उद्या सकाळी कांडी करून देतो. कांडीवरचं प्लास्टिक निरखत ते पुढे म्हणाले, "ही माझ्याच हातची आहे. सहा वर्षांपूर्वी अंड्यांच्या केंद्राला चाळीस करून दिल्या होत्या. इतक्यात संपल्या?"

चाळीस. केंद्रात जुने टॉर्च होते सगळे मिळून सहा.

शनिवारी सकाळी काकांनी पत्र्याच्या पट्ट्यांनी जोडलेली कांडी माझ्या हातावर ठेवली. टॉर्चचं बूड अर्ध्या फेऱ्यात बसलं. अर्धी रजा टाकून मी टॉर्च मावशीला द्यायला केंद्रात गेले, आणि कुणी जा म्हटलं नाही म्हणून अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिले. मॅनेजरने नव्या टॉर्चवर पास झालेला एक ट्रे मावशीपुढे सरकवला. तिने जुना टॉर्च लावला. मावशीचा हात असा चालत होता जसा माझा गर्दीच्या वेळी फायलींवर चालतो. तिने चार अंडी बाजूला काढली. मॅनेजरने ती चारही बादलीत फोडली. तिन्हींत रक्ताचं नुसतं कडं होतं, जीव नव्हता, चौथं सडायला लागलेलं होतं. मुलींनी पदराने आणि ओढण्यांनी नाकं झाकली. मॅनेजर खूश झाला. त्याने टॉर्चचं बूड उघडून कांडी पाहिली. म्हणाला, वा, अशा कांड्या आणखी कुठे मिळतील?

"तुमच्याच स्टोअरमध्ये," मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं, पण आठवडाभर माझं डोकं उठलं होतं.

स्टोअरकीपर आधी नाही म्हणाला, मग रजिस्टर चाळतो म्हणाला, मग किल्ली सापडेना. शेवटी मॅनेजरने त्याच्या कमरेचा जुडगा दाखवला. सगळ्यात वरच्या फळीवरून खोकं उतरलं, वर सुतळीच्या दोन गाठी. चार काढल्या असतील, बाकी छत्तीस जशाच्या तशा. म्हणजे नुसत्या रांगेत तशाच. प्लास्टिक फाटून हिरवट-पांढरी पपडी बाहेर आलेली, खालचा पुठ्ठा ओला होऊन कुजलेला, घाण मारणारा, एकमेकींना चिकटलेल्या. वापराविना सहा वर्षं पडून मेल्या होत्या. मावशीने याच माणसाकडे चार वेळा कांडी मागितली होती आणि चारही वेळा त्याने नाही म्हणून हात वर केले होते.

"एकदम वाटल्या असत्या तर संपल्या असत्या," तो मॅनेजरला समजावत होता. "अडीअडचणीला असाव्यात म्हणून जपून ठेवल्या."

त्या पुठ्ठेवाल्याने निदान मला फसवून काही मिळवलं होतं. याला तर तेही नाही. पाच टॉर्च भंगारात घालवले, दोन बायकांची इतक्या वर्षांची नजर खोटी ठरवली, आणि हाती काय, तर पपडी. मॅनेजर खोक्यावर वाकून कांड्या मोजत होता. "ठीक आहे, कालबाह्य म्हणून नोंद करू," एवढंच तो म्हणाला.

मावशीने टॉर्च लावला, अंडं बघतात तसा खोक्यावर नीट धरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"किती वर्षं उबवत बसला होतात, भाऊ?" तिने स्टोअरकीपरला विचारलं. मग मॅनेजरकडे वळली. "माझी जोडीदारीण महिन्याभरापासून खाली ट्रे घासते आहे. आधी तिला वर बोलवा. एका टॉर्चवर आम्ही दोघी बघू. ती येईपर्यंत मी पुढचा ट्रे घेणार नाही."

मॅनेजर म्हणाला, असं कसं मावशी, माणसं बदलायची तर अर्ज लागतो. मावशीने टॉर्च बंद केला आणि स्टुलावर बसून राहिली. मशीनमध्ये चढवायचे ट्रे दारात थांबले होते, आणि बादलीतली ती चार अंडी सगळ्यांनी पाहिली होती. मॅनेजरने दोनदा घड्याळ बघितलं आणि एका मुलीला खाली पाठवलं.

जोडीदारीण आली ती रबरी बूट घालूनच. हात कोपरापर्यंत सोललेले, आणि अंगाला तोच वास, मला दोन दिवस उपाशी ठेवणारा. मावशीने स्टूल सोडलं, तिला बसवलं आणि टॉर्च तिच्या हातात दिला. मॅनेजरने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. त्या खोक्यावर वाकला होता तेव्हा त्याला रुमालाची आठवण झाली नव्हती.